२०१६ ची अबार्थ पुंटो: कोल्हापुरात बघितलेल्या दोन गाड्या आणि एक निर्णय

भाच्याला छोटी पण दणकून पळणारी गाडी पाहिजे होती. बजेट सगळं मिळून सात लाख, आणि सगळं मिळून म्हणजे आरटीओचं ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि गाडी दारात आल्याबरोबर जे काम निघतंय ते पण त्यातच. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, गाड्यांचा नाद कॉलेजपासनं, त्यामुळं आक्कानं फोन करून सांगितलं की पोरगं एकटं गेलं तर कलर बघूनच टोकन देऊन येतंय, तू संगं जा. तर काय काय बघितलं, कुठली गाडी सोडली आणि का, हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण असल्या गाड्यांच्या मागं लागलेली पोरं आपल्याकडं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक एकाच आकड्यावर विश्वास टाकतात, मीटरमधल्या रनिंगच्या.

सुरवातीला यादी मोठी होती. पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी झकास, पण तो ड्राय क्लचवाला डीएसजी जुना झाला आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोल भाग, गेलं तर बिल लाखाच्या वर जाऊ शकतंय, सात लाखाच्या बजेटमध्ये ती धास्ती घेऊन गाडी चालवायची म्हणजे अवघड. मग बलेनो आरएस, २०१७ ला आलेली, एक लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस, मागं मारुतीचं सर्व्हिस नेटवर्क. सगळ्यात बिनघोर पर्याय हाच आणि मी त्याला तसं सांगितलं पण, पण चालवून आल्यावर तो म्हणाला, "मामा, ही घेतली तर दोन वर्षांत विकणार मी." ते कारण मला पटलं, हौसेची गाडी घ्यायची तर हौस फिटली पाहिजे. गोव्यात बनलेली दोन सीटची ओपन सॅन स्टॉर्म पण त्याच्या डोक्यात होती, फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ इंजिन, पण चांगली गाडी बघायला मिळणंच मुश्किल.

राहिली फियाटची अबार्थ पुंटो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिसायला साधी पुंटो इव्होच, पण बोनेटखाली १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ बीएचपी आणि २१२ एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, चारी चाकांना डिस्क ब्रेक, सोळा इंची अलॉय, आणि कंपनीचा दावा शून्य ते शंभर ८.८ सेकंदात. ऑक्टोबर २०१५ ला आली तेव्हा किंमत दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाख. दहा लाखाच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, ज्यानं चालवलंय त्याला कळतंय रस्ता हातात कसा येतोय ते.

आता अडचण. २०२० च्या एप्रिलला बीएस सहा हा प्रदूषणाचा नियम लागू झाला तोवर फियाटनं इथलं दुकान गुंडाळलं होतं. ज्या रांजणगावात ही गाडी बनली तो कारखाना जोरात चालू आहे, टाटाच्या आणि जीपच्या गाड्या निघतात तिथनं, पण पुंटो नाही. सर्व्हिस जीपच्या वर्कशॉपला होते, पार्ट मिळेलच असं नाही. त्यामुळं "अबार्थ रिलायबल आहे का" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. मॉडेल रिलायबल असून काय उपयोग, जी गाडी समोर उभी आहे तिचं नऊ वर्षांत काय झालं आणि उद्या ती बंद पडली तर कोण उघडणार आणि पार्ट कुठनं येणार, हे तीन प्रश्न सुटले तर गाडी रिलायबल.

पार्टचा प्रश्न आम्ही गाडी बघायच्या आधीच सोडवला, तो क्रम महत्त्वाचा आहे कारण गाडी एकदा मनात भरली की माणूस पार्टचा विचार करत नाही. उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, पॅलिओच्या काळापासनं फियाटवर हात बसलेला. त्यांनी कागदावर दोन रकाने काढून दिले. एका बाजूला जे सहज मिळतंय: बॉडीचे पत्रे, काचा, दिवे साध्या पुंटो इव्होचे चालतात, इंजिनचं बरंच सामान फियाटच्याच लिनिया टी-जेटशी जुळतंय आणि पुण्यात अजून जुन्या स्टॉकची दुकानं आहेत. दुसऱ्या बाजूला खास अबार्थचं: ते विंचू असलेले अलॉय, खालून बसकी सस्पेन्शनची स्प्रिंग, पुढची जाळी, बिल्ले, साइडचे स्टिकर. "ह्या दुसऱ्या रकान्यातलं काय तुटलेलं दिसलं तर नुसतं पैशानं भागत नाही, शोधत फिराय लागतंय," हे त्यांचं वाक्य पुढं बरोबर कामाला आलं.

पहिली गाडी

हायवेलगत एका सेकंड हँड डीलरकडं होती. पांढरी, मार्च २०१६ चं पासिंग, एमएच ०९, सिंगल ओनर, मीटरला अडतीस हजार. मागणी ६ लाख ४०. आतनं बाहेरनं अशी चकचकीत की भाचा तिथंच गार. मी आधी कागद मागितले, गाडीला हात लावायच्या आधी.

आरसी बरोबर, बँकेचा बोजा नाही, एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर मालक पहिलाच दाखवत होतं. मग इन्शुरन्सची पॉलिसी बघितली, मार्च २०२५ ते मार्च २०२६, आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्के. इथं मी थांबलो. हा हिशोब प्रत्येकानं शिकून घ्यावा असा आहे. क्लेम न करता एक वर्ष काढलं की २० टक्के, दुसऱ्या वर्षानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५, पाचव्यानंतर ५० आणि पुढं ५० वरच राहतो. क्लेम केला की परत शून्य. म्हणजे २०१६ पासनं एकाच मालकाकडं असलेली आणि कधी क्लेम न झालेली गाडी २०२१ च्या मार्चलाच ५० ला पोचली पाहिजे. ही ३५ वर आहे, म्हणजे तीन वर्षं विनाक्लेम, त्याच्या मागच्या वर्षी क्लेम. तीन वर्षं मागं जा: मार्च २०२२. त्याच्या मागचं पॉलिसीचं वर्ष मार्च २०२१ ते मार्च २०२२. आणि जुलै २०२१ ला कोल्हापुरात काय झालं हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर, रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीपर्यंत पाणी, शिरोलीला हायवे बंद. आरसीवरचा पत्ता रमणमळ्याचाच होता.

आता एवढ्यावरनं गाडी बुडाली असं म्हणणं पण बरोबर नाही. क्लेम बंपरचा पण असतो, पॉलिसी नव्वद दिवसांपेक्षा जास्त खंडित राहिली तरी बोनस जातो. डीलरला विचारलं तर म्हणाला, "बंपर घासलेला वो साहेब, त्याचाच क्लेम, गाडी एकदम शोरूम कंडिशन हाय." मी म्हटलं मालकाला सांगा, इन्शुरन्स कंपनीकडनं क्लेमचा तपशील मागवून द्या, मालकाला तो मागायचा हक्क आहे. ते होईना, मालक बाहेरगावी आहे, फोन लागत नाही वगैरे. मग मी म्हटलं टोकन देतो पण मिस्त्रींनी आतनं बघितल्यावरच, पसंत नाही पडली तर टोकन परत, आणि ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. डीलर तयार झाला, त्याला खात्री होती की आम्ही इंजिनच बघणार.

मिस्त्रींनी इंजिनकडं बघितलंच नाही पहिलं. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेले ओढत गेले, पूर्ण बाहेर येईपर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येत नाही त्यामुळं धुणाऱ्याचं पण तिकडं लक्ष जात नाही. वरचा बेल्ट मऊ, काळा, धुतलेला, आणि तो आतला भाग कडक, हाताला पापुद्र्यासारखा लागणारा, आणि त्यावर एक सरळ तपकिरी रेघ. मागच्या सीटचा बेल्ट ओढला, तिथं पण रेघ. मग पुढची सीट पूर्ण मागं सारून टॉर्च मारला. सीटच्या रेलचे पुढचे दोन बोल्ट नवे, चकाकणारे, मागचे दोन जुने आणि गंजलेले. सीटखालची स्प्रिंग तांबूस. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि कार्पेटची कड उचलली, कार्पेट नवं होतं पण खालचा फोम जुनाच ठेवलेला. मिस्त्रींनी फोम बोटानं दाबला आणि त्याच्या बारीक छिद्रांतनं राखाडी पीठ बाहेर आलं. पंचगंगेचा गाळ वाळल्यावर कसा होतो ते ज्यानं २०१९ ला आणि २०२१ ला घर धुतलंय त्याला बरोबर ओळखू येतं. मला आली ओळख.

भाचा तरी म्हणत होता, "मामा, इंजिनात पाणी गेलं नसेल, चालू तर आहे की." हा मुद्दा इथं नीट सांगतो कारण पुराच्या गाडीबद्दल सगळ्यांचा हाच समज असतो. इंजिनात पाणी गेलं आणि कुणी चावी फिरवली तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, ते लगेच दिसतं. न दिसणारं नुकसान वायरिंगचं. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मध्ये फरशीवर, हँडब्रेकच्या आसपास असतो, म्हणजे केबिनमध्ये फूटभर पाणी आलं की सगळ्यात आधी तो बुडतो. सीटखाली एअरबॅगचे आणि बेल्टचे कनेक्टर. डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सजवळ बॉडी कॉम्प्युटर. तांब्याची पिन एकदा हिरवी पडायला लागली की वर्षानुवर्षं हळूहळू खात राहते, आज एबीएसची लाइट, सहा महिन्यांनी सेंट्रल लॉक, वर्षानं गाडी रस्त्यात मध्येच बंद. आणि एअरबॅग उघडेल का नाही हे धडक होईपर्यंत कळत नाही. मिस्त्रींनी सीटखालचा पिवळा कनेक्टर सोडवून भाच्याच्या हातात दिला, आतल्या पिना हिरवट. मग मात्र तो गप्प झाला.

शेवटी स्कॅनर लावला, तो फक्त खात्रीसाठी. ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिन किती तास चाललंय त्याची नोंद निघाली, तीन हजाराच्या वर. अडतीस हजार किलोमीटरला तीन हजार तास म्हणजे सरासरी ताशी बारा-तेरा किलोमीटर. कोल्हापुरात कितीही ट्रॅफिक असू दे, ही गाडी हायवेला कधी गेलीच नाही असं मानायला मी तयार नाही. मीटर फिरवलंय असं सिद्ध करणारा कागद माझ्याकडं नाही, पण अडतीस हजारावर मी एक रुपया जास्त देणार नव्हतो. टोकन परत घेतलं. डीलरनं कुरकुर केली पण चिठ्ठी होती.

दुसरी गाडी

ही आर. के. नगरला, मालक गोकुळ शिरगावला पॅटर्न शॉप चालवणारे, पन्नाशीचे. काळी, २०१६ चीच, मीटरला ८४ हजार, मागणी ५ लाख ६०. भाच्याचं तोंड आकडा ऐकूनच उतरलं, दुपटीहून जास्त रनिंग. मी त्याला म्हटलं चल तर खरं.

फोनवरच सांगितलं होतं की काका, आम्ही सकाळी लवकर येतो, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिलं बोनेटला हात लावला, गार. गार इंजिनच खरं बोलतं, गरम करून ठेवलेल्या इंजिनमध्ये निम्मे आजार लपतात. चावी मारली, लगेच चालू, सुरवातीचा थोडा खडखडाट दोन सेकंदात गेला, धूर नाही. चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवली आणि मग एकदम रेस दिली, आणि मी मागं सायलेन्सरकडं उभा. टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील गेलं असेल तर आयडलवर तेल साठतं आणि रेस दिल्यावर निळा धूर येतो. पांढरा धूर थांबेना तर कूलंट जळतंय. इथं काहीच नाही, सकाळच्या गारठ्याची वाफ सोडली तर.

आणि मग काकांनी फाइल आणली. खरंतर गाडी तिथंच निम्मी पास झाली होती माझ्या मनात. पहिल्या सर्व्हिसपासनं प्रत्येक बिल, प्रत्येक वर्षाची पॉलिसी, टायरच्या दुकानाची पावती सुद्धा. नो क्लेम बोनस ५० टक्के. पण इथं एक खाच आहे ती लक्षात ठेवा, २०१९ च्या ऑगस्टला गाडी बुडून क्लेम झाला असता तरी २०२५ पर्यंत बोनस परत ५० ला चढला असता. म्हणून नुसती चालू पॉलिसी बघून भागत नाही, जुन्या बघायला लागतात, आणि ह्यांच्याकडं होत्या, २०२१ लाच ५० होता. शिवाय आर. के. नगर उंचावर, पण पत्त्यावर भरवसा न ठेवता इथं पण बेल्ट पूर्ण ओढले आणि कार्पेटची कड उचलली. फोम कोरडा, साफ, वर्षांची धूळ तेवढी.

बिलांतनं जे कळलं ते मीटरनं कधीच सांगितलं नसतं. टायमिंग बेल्ट २०२० ला ५२ हजारावर बदललेला. किलोमीटरनं बघितलं तर बत्तीस हजारच झाले, पण बेल्ट रबराचा आहे, वयानं पण म्हातारा होतो, आणि ह्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, हेडचं काम निघतं. पाच वर्षं झाली म्हणजे बदलायचाच, वॉटर पंपासकट. क्लच मूळचाच. टायर चारी एकाच वेळी टाकलेले, साइडला चार आकडी कोड १९१९, म्हणजे २०१९ चा एकोणिसावा आठवडा, नक्षी चांगली पण रबर कडक. तेल प्रत्येक वेळी फुल सिंथेटिक आणि कधी दहा हजाराच्या वर ओढलेलं नाही, टर्बो गाडीला ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला माहीत नाही.

चालवायला आधी कागलच्या बाजूला हायवेला, मग परत येऊन जोतिबाच्या चढाला. हायवेला ब्रेक मारल्यावर सरळ थांबते का, स्टिअरिंग सोडल्यावर ओढते का, एसी लावून ट्रॅफिकमध्ये टेंपरेचर स्थिर राहतं का, हे झटपट झालं. क्लचसाठी एक साधी परीक्षा आहे, चौथ्या गिअरला कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा, आरपीएम पळाले आणि गाडी मागं राहिली तर क्लच घसरतोय. जोतिबाच्या चढाला टर्बो भरात आल्यावर काटा थोडा पुढं पळाला, थोडाच, पण पळाला. काका स्वतःच म्हणाले, "क्लच आता वर्षभर चालेल फार तर." मला हा माणूस आवडला. खड्ड्यावर पुढच्या डाव्या बाजूला टकटक, लोअर आर्मचं बुश. टर्बोची शिट्टी बारीक आणि एकसारखी, घासल्याचा आवाज नाही, घाट उतरून आल्यावर काकांनी सवयीनं गाडी मिनिटभर आयडलवर ठेवली आणि मगच बंद केली, नऊ वर्षं टर्बो का टिकला त्याचं उत्तर तिथं मिळालं.

नंतर गाडी उद्यमनगरला नेली. मिस्त्रींनी कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघितलं, चारी सिलेंडर एकमेकांच्या जवळपास. इंटरकूलरची रबरी पाइप काढली, आत तेलाचा हलका हात, तेवढा असतोच. थर्मोस्टॅटच्या जोडापाशी कूलंट वाळल्याची पांढरट खूण.

आणि चाकं. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन एकेक चाक हातानं फिरवलं आणि मागच्या उजव्या अलॉयच्या आतल्या कडेला एका जागी ग्राइंडर फिरवल्यासारखा भाग दिसला. वरनं रंग मारलेला. अलॉय म्हणजे शेवटी ॲल्युमिनियमचं कास्टिंग आणि कास्टिंग तपासणं हाच माझा रोजचा धंदा, त्यामुळं चाक काढून मी शॉपवर घेऊन गेलो. ती जागा रंग काढून साफ केली, तड्यात शिरणारा लाल रंग, डाय पेनिट्रंट, मारलं, दहा-पंधरा मिनिटं मुरू दिलं, पुसून घेतलं आणि वर तड्यातला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर. सुरवातीला सगळं पांढरं. मग हळूहळू एक लाल रेघ उमटली, वेल्डिंगच्या कडेनं निघून दीड-दोन इंच आत गेलेली. म्हणजे कधीतरी खड्ड्यात चाक आपटलं, तडा गेला, कुणीतरी वेल्ड मारलं आणि वेल्डच्या बाजूनं तडा परत पुढं सरकला. टायरची हवा कधी ना कधी एकदम गेली असती, आणि ही गाडी ज्या वेगानं चालवण्यासाठी घेतात त्या वेगाला मागचं चाक गेलं तर काय होतं ते सांगायला नको. काकांना फोटो दाखवला, त्यांना तडा माहीत नव्हता, वेल्ड माहीत होतं, पुण्यात करून घेतलेलं आणि बिल फाइलमध्ये होतंच. ज्यांच्याकडं अलॉय वेल्ड केलेल्या गाड्या आहेत त्यांना मनापासनं सांगतो, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याही फौंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडनं ही टेस्ट करून घ्या, डायचा डबा असतोच आणि अर्ध्या तासाचं काम आहे.

पैशाचा हिशोब

मिस्त्रींनी लिहून दिलेला अंदाज असा: टायमिंग बेल्ट किट आणि वॉटर पंप साडेसोळा हजार, क्लच बेअरिंगसकट सत्तावीस, चार टायर एकतीस, लोअर आर्म साडेआठ, थर्मोस्टॅट, कूलंट, प्लग आणि किरकोळ मिळून नऊ. अलॉय नवा मिळतच नाही, पुण्यात एकानं सेट विकायला काढला होता त्यातला एक अकरा हजाराला द्यायला तयार झाला. एकूण १ लाख ३ हजार.

हा कागद आम्ही काकांपुढं ठेवला आणि घासाघीस अशी केलीच नाही. भाच्याला मी आधीच बजावलेलं की माणसानं नऊ वर्षं गाडी सांभाळलीय, "एवढी चाललीय, काय देता" असलं बोलायचं नाही, फक्त कामाची यादी दाखवायची. काकांनी यादी वाचली, टायर आणि क्लचवर थोडा वेळ बोलणं झालं, तडा गेलेलं चाक त्यांनी लगेच मान्य केलं, आणि ५ लाख ५ हजाराला व्यवहार ठरला. त्यात १ लाख ३ हजाराचं काम धरलं की ६ लाख ८, ट्रान्सफर आणि इन्शुरन्सचे पंचवीसेक हजार, झाले ६ लाख ३३. म्हणजे पहिल्या गाडीच्या नुसत्या मागणीपेक्षा पण कमी, आणि हिच्यात बेल्ट, क्लच, टायर सगळं नवं. उरलेले सदुसष्ट हजार भाच्याला वेगळ्या खात्यावर ठेवायला लावले, त्याला हात लावायचा नाही, इथली विक्री बंद केलेल्या कंपनीची टर्बो गाडी घेतोय तर हा पैसा गाडीच्या किमतीतच धरायचा. ज्याच्याकडं हा राखीव पैसा नाही त्यानं असली गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, बलेनो आरएस घ्यावी आणि सुखानं झोपावं.

कागदाचं काम सोपं होतं, एमएच ०९ चीच गाडी त्यामुळं दुसऱ्या आरटीओची एनओसी नको, फॉर्म २९ आणि ३०, एचएसआरपी नंबरप्लेट काकांनी आधीच बसवलेली. इन्शुरन्स नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, तो विसरू नका. आणि काकांचा ५० टक्के बोनस भाच्याला मिळत नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. भाच्यानं जुनी स्विफ्ट विकली होती तिच्या बोनसचं पत्र घेऊन ठेवलेलं, ते इथं लागू झालं.

घेतल्यानंतर

बेल्ट काढल्यावर बघितला तर भेगा नव्हत्या, पण वॉटर पंपाच्या शाफ्टजवळ कूलंट पाझरायला सुरवात झालेली, ते पाणी पुढं बेल्टवरच आलं असतं. क्लच प्लेट काकांनी सांगितल्याप्रमाणं वर्षभराच्याच लायकीची होती. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतंय आणि गाडी २०१६ ची आहे, म्हणून इंधनाच्या रबरी पाइप सगळ्या तपासून घेतल्या, इंजिनजवळची एक बदलली.

एकदा त्रास दिला. गगनबावड्याला जाताना चढाला गाडी धक्के मारायला लागली आणि चेक इंजिनची लाइट लागली. भाच्याचा घाबरून फोन, मी म्हटलं घाबरू नको, हळू चालवत परत ये, टर्बोला जोर लावू नको. स्कॅनरला तिसऱ्या सिलेंडरचा मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नव्हतं, ठिणगी देणारी इग्निशन कॉइल गेलेली. लिनिया टी-जेटची कॉइल तशीच बसते, पुण्याहनं दोन मागवल्या, एक बसवली आणि एक डिकीत ठेवलीय. राखीव पैशातले पहिले पैसे त्यालाच गेले.

आता लक्ष पुढच्या शॉकॲब्जॉर्बरवर आहे. साध्या पुंटोचे बसतील असं एक जण म्हणतोय, पण अबार्थची स्प्रिंग बसकी आणि कडक असल्यानं मिस्त्री तयार नाहीत, म्हणतात, "बसतील, पण चालणार न्हाईत." कुणाकडं अबार्थचीच मूळ जोडी चांगल्या अवस्थेत असेल तर भाचा घ्यायला तयार आहे, बघायला मी स्वतः येतो, डायचा डबा घेऊन.